सेकंड लाइफमधल्या श्रोत्यांसाठी मराठी रेडिओ : ठाणे-नवी मुंबईतून सुरू करताना लागणाऱ्या परवानग्या आणि कागदपत्रं

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात, जिथे माणसं अवतार घेऊन वावरतात, मराठी गाण्यांचं स्टेशन चालवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : रेडिओचं लायसन्स कुठून काढायचं? ते काढायचंच नसतं. एफएम आणि कम्युनिटी रेडिओ हवेतल्या लहरी वापरतात, म्हणून त्यांना माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. इंटरनेटवरून गाणी ऐकवायला तसा परवाना नाही. ‘ऑनलाइन रेडिओ लायसन्स’ काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. बातम्या द्यायच्या असतील तर मात्र २०२१ चे आयटी नियम लागू होतात : सुरू केल्यापासून ३० दिवसांत मंत्रालयाला माहिती कळवायची, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि आलेली तक्रार १५ दिवसांत निकाली काढायची. नुसत्या गाण्यांच्या स्टेशननं या भानगडीत पडू नये.

अर्जदार १८ वर्षं पूर्ण केलेला हवा, कारण अज्ञान व्यक्तीनं (१८ वर्षांखालच्या) केलेला करार कायद्यात टिकत नाही आणि पुढचे सगळे कागद करारच आहेत. कंपनी काढायची गरज नाही; एकल मालकी पुरते.

सुरुवात उद्यम नोंदणीनं (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करा. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि पॅन एवढंच लागतं. व्यवसायाचा एनआयसी कोड ६०१००, म्हणजे रेडिओ प्रसारण. त्यानंतर गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद. एकट्यानं किंवा दोघा-चौघांत चालणाऱ्या जागेला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही; कामगार विभागाला ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. मुदत काम सुरू केल्यापासून ६० दिवस. पत्त्यासाठी वीजबिल चालतं : ठाण्यात बहुतेकांचं महावितरणचं, कळवा-मुंब्र्यात टोरेंटचं. भाड्याच्या घरात असाल तर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाचं ना हरकत पत्र जोडा. वाशी-नेरूळच्या सोसायट्या घरातून व्यवसाय म्हटलं की बिचकतात, म्हणून तिथे आधीच सेक्रेटरींच्या कानावर घाला.

हे दोन्ही कागद हवेत, कारण एकल मालकीचं चालू खातं उघडताना बँक व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागते. अडतं ते इथेच. एका कागदावर ‘रेडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘रेडियो’ असलं, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला, तरी अर्ज परत येतो. नाव एकदा ठरवा आणि सगळीकडे तसंच्या तसं उतरवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. संस्था स्थापून परदेशातून देणग्या घेणार असाल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याचा प्रश्न येतो. तिथे सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरं काम : गाण्यांचे हक्क. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा परवाना आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था देते, पण तिच्या सदस्यांच्या रचनांपुरताच. ध्वनिमुद्रणाचा परवाना त्या त्या लेबलकडून (गाणं काढणाऱ्या कंपनीकडून), किंवा लेबलनं अधिकार दिलेल्या संस्थेकडून घ्यावा लागतो. अधिकार दिल्याचा कागद मागून बघा. एकच परवाना घेऊन ‘झालं’ समजणं ही नेहमीची चूक. एफएमवाल्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड नं ठरावीक दरानं गाणी वाजवता येतात. ती सोय इंटरनेटला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं टिप्स विरुद्ध विंक खटल्यात २०१९ मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानं ते कायम केलं. म्हणजे दर आणि अटी बोलूनच ठरवायच्या.

परवान्यात दोन गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात : माध्यम ‘इंटरनेट स्ट्रीमिंग’ आणि क्षेत्र ‘जगभर’. करारात क्षेत्र लिहिलं नसेल तर कायदा ते फक्त भारतापुरतं धरतो, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं. सेकंड लाइफमध्ये ध्वनी ते चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीच्या यंत्रणेतून जात नाही. प्रत्येक श्रोत्याचा व्ह्यूअर (सेकंड लाइफमध्ये शिरायचं सॉफ्टवेअर) थेट तुमच्या सर्व्हरला जोडला जातो. अवतार तुमच्या कट्ट्यावर बसलेला दिसला तरी माणूस न्यू जर्सीत किंवा दुबईत असतो, आणि सर्व्हरच्या नोंदीत तसं स्पष्ट उमटतं. भारतापुरता परवाना त्याच्यासाठी निरुपयोगी.

‘जुनी गाणी फुकट असतात’ हेही अर्धसत्य. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० ची तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत, तबकडी कितीही जुनी असो. शिवाय हा हिशेब भारतीय कायद्याचा. अमेरिकेत जुन्या ध्वनिमुद्रणांची मुदत वेगळी आहे.

गाण्यांच्या परवान्याच्या अर्जाबरोबर पॅन, उद्यम प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि स्टेशनची एक पानी माहिती तयार ठेवा : रोजचे तास, अंदाजे श्रोते, उत्पन्नाचं साधन. वाजलेल्या गाण्यांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा : वेळ, गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, लेबल. मागाहून ती जुळवता येत नाही.

आभासी जमिनीची परवानगी राहिली. संगीताच्या प्रवाहाचा इंटरनेट पत्ता जमिनीच्या माहितीतल्या ध्वनीच्या टॅबमध्ये भरतात, आणि तो फक्त मालकाला, किंवा जमीन ग्रुपची असेल तर तसा अधिकार दिलेल्या सदस्याला बदलता येतो. मालकाकडून नोटकार्डवर (सेकंड लाइफमधली चिठ्ठी) लेखी घ्या, आणि इस्टेटच्या, म्हणजे त्या भागातल्या जमिनींच्या, करारात व्यवसायाला बंदी नाही ना, तेही वाचा. स्क्रिप्टनं पत्ता बदलायचा तर ती वस्तू जमीनमालकाच्याच नावावर हवी. ग्रुपच्या जमिनीवर ती ग्रुपला डीड केलेली, म्हणजे ग्रुपच्या मालकीची केलेली, हवी. नाहीतर स्क्रिप्ट चालते, पत्ता मात्र जुनाच राहतो.

प्रवाह एमपी३ मध्ये, १२८ केबीपीएस ठेवा. हा सगळ्या व्ह्यूअरवर वाजतो. ५० श्रोत्यांना ६.४ एमबीपीएस अपलोड आणि तासाला सुमारे २.९ जीबी डेटा लागतो, म्हणून घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर उभा करू नका. भाड्याच्या आइसकास्ट (प्रवाह श्रोत्यांना वाटणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरला घरून एकच प्रवाह पाठवा. त्यावर फॉलबॅक माउंट (मुख्य प्रवाह तुटला की आपोआप वाजणारा पर्यायी प्रवाह) लावा, तोही एमपी३ च, नाहीतर वीज गेली की श्रोते तुटतात.

कार्यक्रमपत्रिकेत सेकंड लाइफची वेळ लिहा. ती कॅलिफोर्नियाची असते. आपले रात्री ९ म्हणजे हिवाळ्यात तिथले सकाळी ७.३०, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ८.३०.