पायथॉनमधील फाइलवाचन

डिस्कवर साठवलेल्या फाइलमधला मजकूर पायथॉन प्रोग्रॅममध्ये आणण्याची क्रिया. त्यासाठी काहीही इम्पोर्ट करावे लागत नाही. ‘ओपन’ हे फंक्शन भाषेतच आहे. त्याला फाइलचे नाव दिले की हाती मजकूर येत नाही, फाइल ऑब्जेक्ट (उघडलेल्या फाइलशी व्यवहार करण्याचे साधन) येते. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण ते प्रिंट केल्यावर ऑब्जेक्टचे वर्णन तेवढे छापले जाते. मजकुरासाठी त्यावर ‘रीड’ मेथड चालवावी लागते.

आपण कुठवर वाचले, ती जागा फाइल ऑब्जेक्ट लक्षात ठेवते. ‘रीड’ झाले की ती शेवटाला पोचते. लगेच पुन्हा ‘रीड’ केले तर रिकामी स्ट्रिंग मिळते. फाइलला काहीही झालेले नसते. ‘सीक’ला शून्य दिले की पुन्हा सुरुवातीपासून वाचता येते. ‘रीड’ अख्खी फाइल मेमरीत आणते, म्हणून मोठ्या फाइलवर थेट ‘फॉर’ लूप फिरवून एकेक ओळ घेणे केव्हाही चांगले. ओळीच्या शेवटचे नव्या ओळीचे चिन्ह मात्र सोबत येते; ते ‘आरस्ट्रिप’ने काढावे.

‘विथ’ लिहून फाइल उघडली, तर मध्येच एरर आली तरी ती आपोआप बंद होते. ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी.

देवनागरी मजकूर वाचताना खरी अडचण एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीची असते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. एन्कोडिंग सांगितले नाही, तर विंडोजवर पायथॉन ३ च्या बऱ्याच आवृत्त्या सिस्टिमचे कोडपेज (विंडोजचे ठरलेले एन्कोडिंग) वापरतात. ते कोडपेज १२५२ असेल तर ‘मराठी’च्या जागी अगम्य रोमन चिन्हे दिसतात. मजकुरात ऱ्हस्व उकार किंवा जोडाक्षरातले हलन्त चिन्ह आले, तर त्यांचा शेवटचा बाइट त्या कोडपेजमध्ये नसल्याने थेट ‘युनिकोडडीकोडएरर’ ही बाइट उलगडता न आल्याची एरर येते. ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिणे हाच यावरचा भरवशाचा उपाय.

‘फाइलनॉटफाउंडएरर’ म्हणजे फाइल न सापडल्याची एरर. तिचे कारण बहुधा साधे असते. नुसते नाव दिले तर पायथॉन फाइल चालू फोल्डरमध्ये शोधते, आणि ते प्रोग्रॅमचेच फोल्डर असेल असे नाही. अशा वेळी पूर्ण पाथ देऊन पाहावा.