बास गिटारच्या मानेत पाच पट्ट्या कशाला?

चार तारांची बास गिटार सुरात लावली की तिच्या मानेवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर, साधारण 75 ते 80 किलोंचा ताण येतो आणि तो रात्रंदिवस तसाच राहतो. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारीवर तो 45-50 किलोंच्या घरात असतो. त्यात बासची मान लांब, कारण कंप पावणाऱ्या तारेची लांबीच बहुधा 34 इंच असते. मान वाकू नये म्हणून आत ट्रस रॉड नावाची सळई बसवतात. पण ही सळई पुढे-मागे आलेला बाक तेवढा काढते. पीळ पडून मानेची एक कड वर आणि दुसरी खाली गेली, तर सळईचा नट कितीही फिरवा, उपयोग शून्य. एका अखंड तुकड्याऐवजी लाकडाच्या पाच पट्ट्या चिकटवून मान करण्याचा खटाटोप मुख्यतः या पिळासाठी आहे.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते लवकर कळतं. मात्र ते सगळीकडे सारखं फुगत नाही. ताजं मेपल पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने जवळपास 10 टक्के आकसतं, गाभ्याच्या दिशेने 5 टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. शिवाय खोडातल्या रेषा क्वचितच सरळ असतात, त्यामुळे प्रत्येक फळीची वळायची खोड वेगळी.

म्हणून कारागीर फळी उभी चिरून पट्ट्या काढतो आणि एकाआड एक पट्टी उलटी फिरवून लावतो. एकीला उजवीकडे वळायचं असेल, तर शेजारणीला डावीकडे. दोघी चिकटल्या की एकमेकींना धरून ठेवतात. पट्ट्यांची संख्या बहुधा विषम असते, म्हणजे सळईची खाच मधल्या अखंड पट्टीत पडते, सांध्यावर नाही.

चिकटवण्याआधी पट्ट्यांवर ताजा रंधा मारतात. सरस बहुतेकदा फेव्हिकॉलच्या जातीचा, पाण्यातला. क्लॅम्प आवळले की सांध्यातून त्याचे थेंब ओळीने बाहेर येतात. खरी परीक्षा पुढे आहे. सरसातल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड किंचित फुगतं. घाई करून लगेच रंधलं, तर ते सुकून खाली बसतं आणि सांध्यावर बोटाला जाणवेल अशी बारीक खळी उरते. म्हणून जाणता कारागीर ठोकळा काही दिवस नुसता ठेवून देतो.

या मानेला प्लायवूड समजू नये. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात. इथे सगळे तंतू लांबीच्याच दिशेने धावतात. ताठपणाबद्दलही जरा अतिशयोक्ती होते. 50 मिलिमीटर रुंद मेपलच्या मानेत वेंगे या कणखर आफ्रिकी लाकडाच्या 3-3 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घातल्या, तर ताठपणा ढोबळमानाने 5 टक्के वाढेल. उलट, मान 21 ऐवजी 22 मिलिमीटर जाड ठेवली तर तो 15 टक्के वाढतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात मात्र झकास, आणि जाहिरातीत तेवढं पुरतं.

गिब्सनच्या हल्लीच्या थंडरबर्ड बासमध्ये महोगनी आणि अक्रोडाचे नऊ थर मानेपासून थेट बुडापर्यंत जातात आणि अंगाचे दोन पंख त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. याउलट फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बासची मान एकाच मेपलच्या तुकड्याची. लाकूड निवडून घेतलं तर तीही वर्षानुवर्षं सरळ राहते. तिच्या पाठीवरची अक्रोडाची गडद रेघ पाहून अनेकांना ती जोडाची मान वाटते. प्रत्यक्षात सळई मागून आत घालण्यासाठी पाडलेल्या खाचेचं ते झाकण आहे.