रानडुक्कर, रोह्याने पीक नासवलं तर: वन विभागाच्या भरपाईचा अर्ज

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं की वन विभागाकडून भरपाई मिळते, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांना माहीत असतं. तरीही ती अनेकांच्या हाती पडत नाही, आणि त्याचं कारण बऱ्याचदा पहिल्या तीन दिवसांतच सापडतं. तक्रार उशिरा गेली, पंचनाम्याआधी शेत वखरून टाकलं, पोच घेतली नाही. नियम शेतकऱ्याच्या बाजूने असूनही अर्ज अशा ठिकाणी मार खातो, म्हणून आधी त्याच तीन दिवसांबद्दल.

घटना घडल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे, वनपालाकडे किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार गेली पाहिजे. तलाठ्याला किंवा सरपंचाला सांगितलं म्हणजे वन विभागाला कळवलं, असं होत नाही. वनरक्षकाला फोन जरूर करा, पण त्यावर थांबू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा. एक प्रत द्या आणि दुसरीवर तारीख, सही व शिक्का घ्या. उद्या ‘मुदतीत अर्ज आलाच नाही’ असं उत्तर आलं, तर ही पोचच तुमच्या कामी येते. वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असेल, तर तो तक्रार क्रमांकही अर्जात लिहा. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज केलात तर पावती छापून ठेवा.

अर्जात गाव, गट क्रमांक, पीक, पिकाची अवस्था, घटनेची तारीख, प्राणी आणि अंदाजे नुकसानीचं क्षेत्र, एवढं स्पष्ट हवं. ‘वन्यप्राण्यांनी शेताची नासधूस केली’ एवढ्या मोघम वाक्यावर कुणालाच पुढे काही करता येत नाही.

कोणता प्राणी, हे शेतच सांगतं

भरपाईच्या यादीत रानडुक्कर, हरीण (सारंग आणि कुरंग कुळांतले प्राणी), रोही म्हणजे नीलगाय, रानगवा, माकड, वानर आणि रानहत्ती येतात. प्राणी ओळखता आला पाहिजे, कारण पंचनाम्यात त्याचं नाव लिहावं लागतं आणि त्याला पुरावा लागतो.

रानडुक्कर खातं त्याहून जास्त नासवतं. नाकाडाने माती उकरून भुईमूग, रताळं, हळद उपटतं. मक्याची ताटं आडवी पाडून कणसं खातं, उसाच्या बुडाशी कांडी चावून चोथा तिथेच टाकतं. ओल्या मातीत दुभंगलेला खूर आणि मऊ चिखलात त्यामागे दोन छोटे ठिपके दिसले की डुक्कर ओळखावं. रोह्याची रीत वेगळी. तो तुरीचे, हरभऱ्याचे शेंडे वरून खुडतो आणि माती उकरत नाही. एकाच जागी येऊन लेंड्या टाकायची त्याला सवय असते, त्यामुळे बांधाजवळ लेंड्यांचा ढीग सापडतो. माकडं आणि वानरं फळं, शेंगा अर्धवट खाऊन टाकतात आणि फांद्या मोडतात.

फोटो काढताना आधी लांबून, शेताची ओळख पटेल असा घ्या. विहीर, झाड, विजेचा खांब, काहीतरी कायमचं त्यात दिसू द्या. मग नासलेला पट्टा, मग खुराची खूण जवळून, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाइलमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदवणारी सोय चालू ठेवा. खुणा पावसाने धुऊन जातात, म्हणून हे काम त्याच सकाळी उरका.

आणि पंचनामा होईपर्यंत त्या भागात औत घालू नका, पडलेली ताटं उचलू नका. पेरणीचा हंगाम हातचा जातोय असं वाटणं साहजिक आहे. तसंच असेल तर वनरक्षकाला लेखी कळवा आणि निदान नासलेला एक मोठा तुकडा जसाच्या तसा ठेवा.

पंचनामा आणि मोजमाप

पाहणीला वनपाल किंवा वनरक्षक, कृषी विभागाचा कर्मचारी आणि गावपातळीवरचा प्रतिनिधी (सरपंच, ग्रामसेवक किंवा तलाठी) असे तिघं असतात. ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांची पदनावं आता बदलली आहेत, त्यामुळे कागदावर ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी असं दिसलं तर गोंधळू नका. तिघांच्या वेळा जुळत नाहीत आणि पंचनामा रखडतो, तो बहुधा याच कारणाने. तिघांना एकाच दिवशी बोलावण्याचा पाठपुरावा तुम्हीच केलात तर काम लवकर होतं.

खरी गफलत मोजमापात होते. डुकरांचं नुकसान सलग नसतं, शेतभर ठिगळं ठिगळं पडतात. नजरेने पाहून ‘दोन गुंठे’ लिहिलं जातं आणि भरपाई तिथेच निम्मी होते. समिती येण्याआधी टेपने प्रत्येक ठिगळाची लांबी-रुंदी मोजून ठेवा. समजा चार ठिगळं आहेत: १२ बाय ९ मीटर, २० बाय ६, १५ बाय १० आणि ७ बाय ६. त्यांची बेरीज ४२० चौरस मीटर, म्हणजे ४.२ आर, चार गुंठ्यांहून थोडं जास्त. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणून हिशोबही आरमध्येच सांगा. जिथे पीक पूर्ण गेलं नाही, तिथे सलग ५० ताटं मोजून त्यांतली किती मोडली ते लिहून घ्या. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. आकडा पटत नसेल तर सहीसोबत तसं नमूद करा आणि प्रत मागा.

कोण पात्र, कोण नाही

जमीन मालकीची आणि पिकाखाली असली पाहिजे. वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीला भरपाई नाही. वनहक्काचा पट्टा मिळालेला असेल तर त्याची प्रत अर्जालाच जोडा, म्हणजे ती जमीन अतिक्रमणात मोजली जाणार नाही. ज्या कुटुंबाची चारपेक्षा जास्त गुरं वनक्षेत्रात चरतात, त्यांना ही भरपाई मिळत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ किंवा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील गुन्ह्यात अडकलेला अर्जदारही बाद होतो.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडू नका. तो गुन्हा आहेच, पण त्या तारेला डुकराआधी शेजारचा शेतकरी, स्वतःचा बैल किंवा घरचं लेकरू चिकटतं. लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर किंवा रोही मारणंही गुन्हाच ठरतो.

कागदपत्रं

चालू सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, नुकसानीचे फोटो. यादी एवढीच, पण अर्ज अडतो तो यातल्याच बारीकसारीक गोष्टींवर.

सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर बाकीच्या खातेदारांचं संमतिपत्र लागतं. ते ऐनवेळी जमवताना भाऊबंद पुण्या-मुंबईला असतात, म्हणून आधीच करून ठेवा. वडील वारले असून वारस नोंद झालेली नसेल, तर पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न येतो आणि प्रकरण पडून राहतं. बटईने शेती करणाऱ्याने मालकाचं संमतिपत्र जोडावं. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकाची नोंद, केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीक कोरं दिसतं, आणि शेतात सोयाबीन उभं असूनही कागदावर काहीच नसतं. ही नोंद हंगामाच्या मुदतीतच करा. बँक खातं बंद पडलेलं असणं, किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदललेला असणं, यामुळे मंजूर रक्कमही परत जाते.

रक्कम कशी ठरते

९ जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने हिशोबाची पद्धत घालून दिली. त्या वेळच्या दरांनुसार नुकसान १०,००० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम मिळायची, पण किमान १,००० रुपये. त्यापुढे १०,००० अधिक वरच्या रकमेच्या ८० टक्के, कमाल २५,००० पर्यंत. म्हणजे १६,००० रुपयांच्या नुकसानीला १०,००० अधिक ६,००० चे ८० टक्के ४,८००, असे १४,८०० रुपये व्हायचे. उसासाठी टनामागे ८०० रुपये हा वेगळा दर होता, त्यालाही २५,००० ची मर्यादा. हत्ती आणि गव्यांनी पाडलेल्या नारळ, सुपारी, आंबा, केळीला झाडागणिक दर आहे, म्हणून कोकणात आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या पट्ट्यात झाडं एकेक मोजून लिहून घ्यावीत. सरकार हे आकडे वेळोवेळी सुधारतं. परिक्षेत्र कार्यालयातून घटनेच्या तारखेला लागू असलेला तक्ता मागून घ्या आणि हिशोब स्वतः ताडून पाहा.

अर्ज रखडला तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. त्यानंतर द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परत फिरू नका.

पीक विमा काढला असेल तर आणखी एक वाट आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांच्या हल्ल्याचं नुकसान स्थानिक जोखमीत, म्हणजे एकेका शेतापुरत्या नुकसानीच्या संरक्षणात, जोडता येतं. राज्याने अधिसूचित केलेल्या प्राण्यांपुरतं आणि विमा क्षेत्रांपुरतंच ते लागू होतं. तिथे मुदत ७२ तासांची आहे आणि ठिकाणाची नोंद असलेला फोटो पीक विमा ॲपवर टाकावा लागतो. म्हणून वन विभागाचा अर्ज आणि हे काम, दोन्ही एकाच सकाळी करा.

कुंपणासाठी अनुदान हवं असेल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाची तरतूद आहे. योजनेत आपलं गाव बसतं का, हे वनपालाला विचारा आणि अर्ज गावच्या वन समितीमार्फत करा. सौर कुंपण घेतलं तरी तारेखालचं गवत दर पंधरवड्याला काढावं लागतं. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि डुकरं तिथूनच आत शिरतात. शेतरस्त्याच्या कडेची घाणेरी आणि वेडी बाभूळही तोडायला हवी, कारण कळप दिवसभर त्याच झुडपांत दबा धरून बसतो. एकट्याने आपला बांध साफ केला तर कळप फक्त शेजारच्या झुडपात सरकतो. पाणंद रस्त्याची सफाई ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीच्या कामांत घ्या, आणि पेरणीआधी पूर्ण पट्टा एकाच वेळी मोकळा करून घ्या.