विंडोजवरून लिनक्सवर जाताना खानदेशात अडतं कुठे? : पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत आहे, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा इथे तहसील कचेरीसमोरच्या टपऱ्यांमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानांमध्ये असेंबल केलेली जुनी मशीन अजून इमानेइतबारे चालतात. त्यातली कितीतरी या अटींमध्ये बसत नाहीत. म्हणून विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्सचं नाव पुन्हा निघालं आहे.

‘उबंटू टाका, मिंट टाका, तासाभराचं काम’ हा सल्ला खोटा नाही. (दोन्ही लिनक्सचेच प्रकार.) टाकायला खरोखर तासच लागतो. अडतं ते दुसऱ्या दिवशी, जुनी फाईल उघडल्यावर. अर्ज, करारनामे, सभासदांच्या याद्या, लग्नपत्रिका, सगळ्यांच्या जागी डॉलरची चिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एका दस्तलेखक नानांच्या दुकानात मी हे पाहिलं आहे. वीस वर्षांचं काम पडद्यावर होतं आणि त्यातली एक ओळही वाचता येत नव्हती. नाना एवढंच म्हणाले, “भाऊ, मन्हा अक्षरं कथा गयात?”

अक्षरं कुठे गेली, हे समजायला १९९१ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. भारतीय लिप्या संगणकात कशा साठवायच्या याचं ‘इस्की’ हे मानक भारतीय मानक संस्थेने प्रसिद्ध केलं. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमव्यवस्था देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात देवनागरी होती. आणि ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं, तीच पुढे लिनक्स झाली. आपल्याकडे जळगावचं विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. इथल्या पतसंस्थांमध्ये संगणक यायला लागले ते विंडोजच्या आधीची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन. काळा पडदा, त्यावर फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधली खतावणी, आणि वीज गेली की बिघडणारी इंडेक्स फाईल. डॉसवर मराठी हवं असेल तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवावं लागायचं. ते महाग होतं, पण त्याची पद्धत सरळ होती. ‘क’ म्हणजे आतही ‘क’च साठवला जायचा.

ही वाट मागे पडली याची मला अजून हळहळ वाटते. विंडोज आल्यावर कार्डाची गरज उरली नाही, फक्त फॉन्ट पुरू लागला, आणि तिथेच घोळ झाला. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ घरं. त्यातली पहिली निम्मी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच घरांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : अर्धा ‘क’, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होता. वरून मराठीचा मुखवटा चढवलेला, एवढंच. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या घरांमध्ये ठेवले. श्रीलिपीत लिहिलेलं आकृतीमध्ये वाचता येईना, आकृतीतलं सी-डॅकच्या सुरेखमध्ये येईना. छापून कागद हातात पडेपर्यंत कोणाचं काही अडत नव्हतं, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायला, शिकलो तेव्हा आम्हीही घेतलं नाही.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरं जपून ठेवलेली आहेत. त्यातलं मोडी आज वाचता येतं मोजक्याच माणसांना. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, वाचणारा डोळा कमी झाला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे कुठे आहेत, अशी शोधाशोध साऱ्या महाराष्ट्राला करावी लागली. मोडी मागे पडायला काही पिढ्या लागल्या. आमच्या फॉन्टमधल्या फायलींवर तीच पाळी वीस-पंचवीस वर्षांत आली.

युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये खऱ्या अर्थाने आली ती विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टसोबत. त्यानंतरच्या विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग मशीन मूळ सीडी मागायचं. गल्लीतल्या पोराने टाकून दिलेल्या विंडोजची मूळ सीडी असणार कुठून? पुढच्या विंडोज व्हिस्टापासून ती खूण करायची गरज संपली, पण तोवर हाताला जुन्या फॉन्टची सवय लागली होती. गोदरेजच्या टंकलेखन यंत्रावर परीक्षा दिलेल्या माणसांची बोटं रेमिंग्टनच्या कळांवर बसलेली, आणि युनिकोडसोबत आला इनस्क्रिप्ट हा निराळाच कळफलक. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, मला वाटत नाही : ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द दिवसातून दहादा टाइप करणाऱ्याने त्याआधी युनिकोडवर विश्वास का ठेवावा?

दुसरीकडे २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव निघाले. त्या अभ्यासक्रमाने खानदेशातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना पहिल्यांदा माऊस हातात दिला, हे त्याचं मोठं काम. पण शिकवलं गेलं ते विंडोज आणि ऑफिस. नावातला ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, तरी तो मायक्रोसॉफ्टचाच आहे असं समजणारी माणसं मला आजही भेटतात. संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण तिथे पक्कं झालं. मशीन हळू चाललं की ‘फॉरमॅट मारून दे’ म्हणायचं आणि तीच विंडोज पुन्हा टाकून घ्यायची.

लिनक्स इथे अगदी पोहोचलंच नाही असं मात्र नाही. उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ ची. त्यानंतर काही वर्षं, २०११ पर्यंत, उबंटूवाले मागेल त्याला सीडी टपालाने फुकट पाठवत. डायल-अपवर ७०० एमबी उतरवणं म्हणजे टेलिफोनच्या बिलाला आमंत्रण होतं, त्यामुळे पोस्टमनने आणून दिलेलं ते पाकीट माझ्यासाठी मोठी चीज होती. सीडी घालून मशीन सुरू केलं की काहीही न पुसता सगळं पाहता यायचं. सी-डॅकनेही २००७ च्या सुमारास बॉस नावाचं भारतीय लिनक्स आणलं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित हे फॉन्ट खुले केले, त्यामुळे लिनक्सवरची मराठी वाचण्याजोगी झाली. त्या काळी एक्सपीपेक्षा उबंटूवर युनिकोड मराठी सुरू करणं सोपं होतं, हे मी स्वतः करून सांगतो. पण गिऱ्हाईक सुरेखमधली फाईल घेऊन यायचं, आणि मी पुन्हा विंडोज सुरू करायचो.

पुढची स्थित्यंतरं बाहेरून लादलेली आहेत. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचे अपडेट बंद झाले, जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे. तरीही ७ वरची मशीन चालत राहिली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर यायच्या थांबल्या, तेव्हा कुठे ई-सेवा केंद्रवाले जागचे हलले, कारण त्यांचं सगळं काम ब्राउझरमधून चालतं. त्यांची आजची अडचण निराळी आहे. अंगठा घ्यायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतं. असं केंद्र चालवणाऱ्याने लिनक्सच्या मागे लागून रोजची कमाई अडवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टंकलेखन, हिशेबाच्या याद्या, पत्रव्यवहार ज्यांचा आहे, त्यांनी मात्र जरूर जावं. फक्त फॉरमॅट मारण्याआधी फायली युनिकोडमध्ये करून घ्याव्यात आणि जुने फॉन्टही एका पेन ड्राइव्हवर जपून ठेवावेत. फॉन्ट जवळ असला तर त्यातली फाईल लिनक्सवरही पुष्कळदा उघडते आणि छापता येते. शोधता येत नाही, यादी लावता येत नाही, तो भाग वेगळा.

नानांच्या फायली आम्ही अशाच बदलल्या. फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं मिळतात, आणि बहुतेक मजकूर ती नीट उलगडतात. चुकतात ती दोन ठिकाणी. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी येतो, त्यामुळे ‘कर्ज’मधला रफार कधी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. आणि ‘शेतकऱ्यांच्या’. त्यातला आडवा ‘ऱ्’ आपल्या मराठीला हवाच. कन्व्हर्टर त्याचा सरसकट रफार करून ‘शेतकर्यांच्या’ असं उमटवतो. केळी, कापूस, पीककर्ज, ठिबकचं अनुदान, नानांच्या एकूण एक अर्जात हा शब्द. शोधून सगळीकडे एकदम बदलता आला असता, पण नानांना ते पटेना. त्यांनी सगळ्या फायली छापून घेतल्या, चष्मा लावला आणि लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून बसले. मी त्यांच्या खुणा बघून एकेक ‘ऱ्’ दुरुस्त करत गेलो.