बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासता येत नाही

‘इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढा; इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर ठणठणीत.’ बंदरावर हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळतं आणि महागात पडतं. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग.)

मुळात जुन्या बोटीचं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बहुधा विजेची गरजच नसते. यांत्रिक पंप डिझेल देतो, दाबाने ते पेटतं. म्हणजे अल्टरनेटर मेलेला असला तरी इंजिन धडधडत राहणारच! उलट बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, जळू शकतात. अल्टरनेटरआधीच्या जुन्या जनरेटरच्या, म्हणजे डायनॅमोच्या, काळात हा प्रकार खपून जायचा, कारण त्यात डायोड नसत.

खरी तपासणी मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरची. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ दाखवते, इंजिनाला थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. २४ व्होल्टच्या बोटीत आकडे दुप्पट धरा.

आकडा वाढला नाही तरी लगेच अल्टरनेटर उतरवू नका. पट्टा सैल आहे का बघा. मग मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुटवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवा. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा जोडात; खाऱ्या हवेत तिथे हिरवा थर चढतोच. निगेटिव्ह बाजूही तशीच तपासा. आणि हो, पॅनलवरचा चार्जिंगचा छोटा इशारा-बल्ब गेला असला तरी कित्येक जुने अल्टरनेटर चार्जच सुरू करत नाहीत.