समुद्र तापला तेव्हा कोण कुठे गेले

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर मिळालेल्या एका बेलेम्नाइटच्या जीवाश्माचा अभ्यास रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. बेलेम्नाइट हा माकुळाच्या दूरच्या नात्यातला, ज्युरासिक काळात मुबलक असलेला प्राणी. त्याच्या शरीरातला बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार, चुनखडीचा भाग तेवढा मागे उरतो आणि प्राणी वाढत असताना त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे थरावर थर चढलेले असतात. युरींच्या चमूने हे थर एकेक करून खरवडले आणि प्रत्येक थरातील जड व हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजले. त्यावरून असे दिसले, की तारुण्यानंतर या प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, त्याच्या भोवतालच्या पाण्याचे सरासरी तापमान सुमारे १७.६ अंश सेल्सिअस होते आणि साधारण चार वर्षांचा होऊन तो वसंत ऋतूत मेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या एका निनावी जीवाच्या मृत्यूचा ऋतू सांगता यावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

समुद्र तापला किंवा गारठला तेव्हा त्यातले जीव कुठे गेले, हे शोधायचे तर आधी त्याचे जुने तापमान कळायला हवे, आणि ते सांगणाऱ्या या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. पाणी जितके थंड, तितका त्यात तयार होणाऱ्या कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, अधिक प्रमाणात बसतो. मात्र त्यात एक मेख आहे. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी निघून जातो आणि हिमयुगात तो ध्रुवांवरच्या बर्फात अडकून पडला, की मागे उरलेला सगळा समुद्रच थोडा जड होतो. भूवैज्ञानिक चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली समुद्रतळाच्या गाळातून हिमयुगांचा आलेख काढला, तेव्हा त्यातले बहुतेक चढउतार त्यांनी तापमानाच्या खाती टाकले होते. त्यांतला मोठा वाटा बर्फाच्या साठ्याचा आहे, हे निकोलस शॅकलटन यांनी १९६७ साली दाखवून दिले. आलेख तोच राहिला, अर्थ बदलला.

एमिलियानींनी वापरलेले जीव होते फोरॅमिनिफेरा. हे एकपेशीय जीव स्वतःभोवती चुनखडीचे, अनेक कप्प्यांचे कवच बांधतात आणि मेल्यावर ते कवच तळाशी जाऊन बसते. समुद्रतळात नळी खुपसून काढलेला गाळ बारीक चाळणीत धुतला, की वाळूच्या कणांएवढी ही कवचे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या केलेल्या अगदी बारीक कुंचल्याने, एकेक कवच उचलून जातीनुसार वेगळे करत शेकड्यांनी मोजायचे, असे हे काम आहे. त्यांत ‘निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा’ नावाची एक जात फार उपयोगी पडली. तिची काही कवचे डावीकडे वळलेली असतात, काही उजवीकडे, आणि डाव्या वळणाची कवचे थंड पाण्यात, तर उजव्या वळणाची तुलनेने उबदार पाण्यात प्राबल्याने आढळतात. त्यामुळे उत्तर अटलांटिकच्या गाळात एखाद्या थरात डावखुऱ्यांची गर्दी वाढलेली दिसली, की ध्रुवीय पाणी तेव्हा दक्षिणेकडे सरकले होते असे समजायचे. पुढे जनुकीय अभ्यासातून कळले, की डावे आणि उजवे या मुळात दोन वेगळ्या जाती आहेत. म्हणजे थंडीमुळे एकाच जातीचे वळण बदलत नव्हते, तर एक जात मागे हटत होती आणि दुसरी तिच्या जागी येत होती.

समुद्री जीवांनी हवामानबदलाला दिलेला सर्वांत जुना आणि सर्वांत नेहमीचा प्रतिसाद हाच आहे: ते जागा सोडतात. जमिनीवरच्या प्राण्याला वाटेत डोंगर, वाळवंटे, नद्या आडव्या येतात. समुद्रात अळ्या आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, प्रवाहांबरोबर कुठेही पोहोचू शकतात, निदान वाट मोकळी असेल तोपर्यंत. भूमध्य समुद्राच्या काठच्या जुन्या किनारी थरांत याची मोठी देखणी नोंद आहे. सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीच्या उबदार आंतरहिमयुगातल्या, म्हणजे दोन हिमयुगांमधल्या काळातल्या, थरांत ‘पर्सिस्टिस्ट्रॉम्बस लेटस’ या जाडजूड शंखाची कवचे मिळतात. आज हा शंख पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण किनाऱ्यावर राहतो. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून तो आत शिरला आणि पाणी पुन्हा गार झाल्यावर तिथून नाहीसा झाला. उलट हिमयुगांच्या थरांत ‘आर्क्टिका आयलँडिका’ हा उत्तर अटलांटिकचा शिंपला भूमध्य समुद्रात ठाण मांडून बसलेला दिसतो. भूवैज्ञानिक या दोघांना ‘उष्ण पाहुणे’ आणि ‘थंड पाहुणे’ म्हणतात. विज्ञानातल्या इतक्या नेमक्या आणि इतक्या घरगुती संज्ञा फार थोड्या असतील. जाता जाता सांगायचे, तर हा आर्क्टिका पाचशे वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याच्या कवचावर वर्षाला एक रेघ उमटते, म्हणून एकाच शिंपल्यातून अनेक शतकांचे हवामान वाचता येते.

त्याच आंतरहिमयुगातील प्रवाळांचे जीवाश्म तपासले असता विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात प्रवाळांच्या जातींची विविधता घटलेली आणि ध्रुवांच्या दिशेला त्यांचा पसारा वाढलेला आढळतो. तापमानवाढ तशी माफक होती, पण विषुववृत्तावरच्या जातींना सोसवेल तेवढी मर्यादा आधीच जवळ आलेली होती.

परंतु सरकायला जागाच नसेल तर? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या गाळात आहे. पॅलिओसीन आणि इओसीन या कालखंडांच्या सीमेवर वातावरणात व समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी चढले आणि ही अवस्था दीड-दोन लाख वर्षे टिकली. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातील गाळावरून जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१ साली या घटनेचे चित्र मांडले. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्विस कटकावर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, काढलेल्या गाळाच्या नळ्यांमध्ये तर ती उघड्या डोळ्यांना दिसते: फिकट, चुनखडीयुक्त गाळ एकाएकी संपतो आणि त्यावर गडद तांबूस मातीचा पट्टा लागतो. समुद्राचे पाणी इतके आम्लधर्मी झाले होते, की चुनखडी विरघळून जाण्याची पातळी तिथे दोन किलोमीटरहून अधिक वर चढली आणि तळाशी पडलेली कवचे टिकलीच नाहीत.

या संकटात पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्यातल्या उष्ण पाण्याच्या जाती दक्षिणेकडे, पार अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत पोहोचल्या. एरवी उबदार पाण्यात आढळणारे ‘अपेक्टोडिनियम’ हे सूक्ष्म प्लवक आर्क्टिक महासागरात जाऊन वाढले. २००४ साली तिथल्या लोमोनोसोव्ह कटकावर खोदकाम झाले, तेव्हा त्या काळी उत्तर ध्रुवाजवळचे पाणी २३ अंशांच्या आसपास होते असे दिसले. या तरंगत्या जीवांचे मोठे विलोपन झाले नाही, म्हणजे त्यांच्या जाती मोठ्या संख्येने नामशेष झाल्या नाहीत. मात्र खोल तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती कायमच्या संपल्या, आणि याच जाती त्याआधीच्या, डायनोसॉर संपवणाऱ्या आघातातून जवळपास सहीसलामत सुटल्या होत्या. खोल समुद्रातले पाणी ध्रुवाजवळ गार होऊन बुडालेले असते. ध्रुवच तापला, की जगभरचा तळ तापतो. ऑक्सिजन कमी झाला, आम्लता वाढली, वरून पडणारे अन्न बदलले. यांपैकी घाव नेमका कोणता, यावर वाद आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की तळातल्या जीवांना त्याहून थंड अशी दुसरी जागाच शिल्लक नव्हती.

२५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, हेच सबंध महासागराच्या पातळीवर घडले. सायबेरियातल्या अवाढव्य लाव्हा-उद्रेकांनी कार्बन डायऑक्साइड ओतला आणि उष्णकटिबंधातला समुद्र सुमारे १० अंशांनी तापला. कॉनोडॉन्ट नावाच्या, वाम माशासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्यांच्या दातांतील ऑक्सिजनवरून काढलेले अंदाज त्यानंतरच्या काळात ४० अंशांच्या जवळ जातात. समुद्रातल्या ८० टक्क्यांहून अधिक जाती नष्ट झाल्या. ट्रायलोबाइट हे कवचधारी, अनेक पायांचे समुद्री प्राणी आणि जुने प्रवाळ कायमचे गेले, आणि आजच्या प्रवाळांचे पूर्वज दिसू लागेपर्यंत सुमारे एक कोटी वर्षे गेली.

विलोपनाची ही लाट कुठे अधिक तीव्र होती, याचे उत्तर सहज सुचणाऱ्या उत्तराच्या उलट आहे. सर्वाधिक तापलेल्या विषुववृत्तावर सर्वाधिक नाश झाला असेल असे वाटते. २०१८ साली जस्टिन पेन, कर्टिस डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपातून दाखवले, की ध्रुवांकडे नाश जास्त व्हायला हवा, आणि जीवाश्मांच्या नोंदी त्याच्याशी जुळल्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी प्राण्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणजे मिळकत घटते आणि खर्च चढतो. उष्णकटिबंधातल्या जातींना उबदार, कमी ऑक्सिजनच्या पाण्याची थोडीफार सवय होती, शिवाय त्यांना ध्रुवाकडे सरकता आले. ध्रुवाजवळच्या जातींना मात्र पुढे जायला जागा नव्हती. विलोपनाचा अर्ध्याहून अधिक भाग एवढ्याने उलगडतो, असे या अभ्यासाचे म्हणणे आहे.

थंडीही काही दयाळू नसते. सुमारे ४४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन काळाच्या अखेरीस, दक्षिण ध्रुवावरच्या गोंडवन खंडावर, म्हणजे आजच्या सहारा वाळवंटाच्या जागी, बर्फाचे थर साचले. समुद्राची पातळी उतरली, खंडांवर पसरलेले उथळ समुद्र कोरडे पडले आणि त्यांतल्या जीवांचे घरच गेले. ‘हिर्नांशिया’ या दुपाखी कवचाच्या प्राण्याभोवतीचा थंडीप्रिय समूह तेवढ्या काळात दूरवर पसरला आणि बर्फ वितळताच तोही बहुतांशी संपला. अंटार्क्टिकाचा समुद्र कित्येक कोटी वर्षांनंतर थंडावला, तेव्हाचा परिणाम वेगळा आणि अधिक विलक्षण होता. सेमूर बेटावरच्या इओसीन काळातील खडकांत शार्कचे दात मिळतात. पाणी गारठत गेले तसे कवच फोडून खाणारे शिकारी तिथून हटले, आणि मऊ तळावर भंगुरतारे व समुद्रकमळे हे तारामाशांचे नातलग दाटीवाटीने, जणू डायनोसॉरांच्याही आधीच्या पुराजीव महाकल्पातल्यासारखे, राहू लागले.

आताच्या आणि तेव्हाच्या बदलांत मुख्य फरक वेगाचा आहे. पॅलिओसीनच्या शेवटी वर्षाला साधारण एक अब्ज टन किंवा त्याहूनही कमी कार्बन बाहेर पडत होता; आज आपण सुमारे दहा अब्ज टन सोडतो. समुद्री जातींच्या पसाऱ्याची आघाडीची कड सध्या दर दशकात सरासरी ७२ किलोमीटर सरकते आहे, म्हणजे जुना मार्ग अजून वापरात आहे. पण तो सगळ्यांना खुला नाही. ‘फ्युकस व्हिरसॉइडेस’ हे थंड पाण्याच्या कुळातले तपकिरी समुद्रशैवाल भूमध्य समुद्रात फक्त इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर भागात उरले आहे आणि तिथूनही झपाट्याने कमी होते आहे. त्याच्या उत्तरेला समुद्र संपतो आणि जमीन सुरू होते.