ताजमहाल हॉटेलसमोर उभे राहण्याआधी : मुंबई सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

फोंड्याहून निघणाऱ्या आमच्या मुंबई सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारी अपोलो बंदरावर दोन तासांचा थांबा असतो. घारापुरीची लाँच परत आली, की बहुतेक प्रवासी गेट वे ऑफ इंडियाकडे पाठ करून समोरच्या ताजमहाल हॉटेलचे छायाचित्र काढतात आणि मग आमच्या सोबत्याला विचारतात, की हे हॉटेल उलटे बांधले गेले, ही गोष्ट खरी काय? येथे प्रथम एक कबुली देणे आवश्यक आहे. वास्तुविशारद विलायतेला गेला, परत आल्यावर इमारतीची पाठ समुद्राकडे आणि तोंड शहराकडे झालेले पाहून त्याने आत्महत्या केली, ही कथा आमच्या बसमध्ये आम्हीच कित्येक वर्षे रंगवून सांगत होतो. दोन वर्षांपूर्वी म्हार्दोळच्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला मध्येच थांबवले आणि त्या वास्तुविशारदाचे नाव सांगा, असे म्हटले. आम्हाला ते सांगता आले नाही. हे माहितीपत्रक त्यानंतर तयार झाले.

नाव मराठी माणसाचे आहे. हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी केला. वैद्य १९०० साली, काम अर्धवट असताना, आजारपणात वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पुरे केले. म्हणजे तयार इमारत पाहून जीव देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती तयार झालेली त्यांनी पाहिलीच नाही. उलटेपणाचे म्हणाल, तर इमारतीचे मुख्य दार शहराच्या बाजूस ठेवलेले होते ते समजून उमजूनच. पाहुणे घोडागाड्यांतून शहराकडून येणार होते, आणि समुद्राकडची, वाऱ्याची बाजू खोल्यांना मिळावी असा हिशेब होता. त्या दाराच्या जागी, इमारतीच्या दोन बाहूंच्या मधल्या अंगणात, आज पोहण्याचा तलाव आहे. पुढे समुद्राकडची बाजू दर्शनी झाली, दार तिकडे आले आणि मूळचे तोंड मागे पडले. आत्महत्येच्या कथेला इतके साधे उत्तर असावे, याचे आम्हालाही थोडे वाईट वाटले.

आणखी एक समजूत दुरुस्त करावयाची आहे. गेट वेच्या कमानीसमोर शोभून दिसावे म्हणून हॉटेल बांधले, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. परंतु हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले आणि कमानीचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज या बंदरावर उतरले, तेव्हा दगडी कमान नव्हतीच. जॉर्ज विटेट यांचा अंतिम आराखडा १९१४ साली मंजूर झाला, आणि कमान ज्या जमिनीवर उभी आहे, ती भराव घालून त्यानंतर तयार करण्यात आली. आपण लाँचचे तिकीट काढण्यासाठी रांगेत उभे राहता, त्या फरसबंदीच्या बऱ्याचशा भागावर हॉटेल उघडले त्या दिवशी पाणी होते.

हॉटेल उभारणारे जमशेटजी टाटा मूळचे नवसारीचे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, लोक शहर सोडून जात होते, आणि अशा काळात त्यांनी अपोलो बंदराजवळ एवढे मोठे हॉटेल बांधण्याचे मनावर घेतले. वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिला भक्कम पुरावा नाही, म्हणून आमचे सोबती ती आता ‘असे म्हणतात’ या शब्दांसह सांगतील. घरच्यांना मात्र हा उद्योग विचित्र वाटला असावा. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्या योजना आखणारा भाऊ आता भटारखाना काढणार काय, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण सांगितली जाते. हॉटेल उघडले, तेव्हा इमारत पुरती बांधून झालेली नव्हती आणि पहिल्या दिवशी सतराच पाहुणे उतरले, असे हॉटेलच्या इतिहासात सांगतात. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत निवर्तले. हॉटेलचा कारभार त्यांना जेमतेम पाच महिने पाहता आला.

आत जाण्याची संधी मिळाली, तर घुमटाखालचा जिना अवश्य पाहावा. त्याला मधून खांबांचा आधार नाही. पायऱ्या भिंतींतून पुढे येत मजल्यामागून मजला चढतात आणि खालून मान वर केली, की लोखंडी नक्षीचे कठडे एकावर एक दिसत जातात. हे काम कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. जिन्यापाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे.

पहिल्या महायुद्धात येथे सहाशे खाटांचे रुग्णालय होते. शेजारचा उंच मनोरा १९७३ चा असून, त्याच्या जागी पूर्वी ग्रीन्स हॉटेल होते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आम्हाला तरी काही वाटत नाही.

गोमंतकीय प्रवाशांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून जावी. पणजीहून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणारे आणि धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे कितीतरी गोवेकर मुंबईतील हॉटेलांत कामाला लागले. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकलेली मुले गोव्यात गावोगावी होती. कागदावरचे संगीत पाहून लगेच वाजवणारा वादक हवा असला, की नृत्यगृहांचे मालक गोवेकराकडेच वळत. ताजमध्ये १९३९ ते १९६० एवढा प्रदीर्घ काळ मिकी कुर्रैया यांचा वाद्यवृंद वाजत होता, आणि हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचे नावही याच परिसरात गाजले. ताजच्या मुदपाकखान्यात मास्सी या नावाने ओळखले जाणारे मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास हे गोमंतकीय बल्लवाचार्य होते. हॉटेलच्या इतिहासात राजेमहाराजांची नावे पुष्कळ येतात. आमच्या सोबत्यांना ही तीन नावे पाठ असतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी आत शिरले आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत हॉटेल त्यांच्या तावडीत होते. येथे एकतीस जणांचा बळी गेला. त्यांत पाहुण्यांबरोबर हॉटेलचे कर्मचारीही होते. मनोऱ्याचा भाग त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू झाला, जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडली. मृतांची नावे कोरलेले स्मारक आत आहे. तेथे छायाचित्रे काढू नयेत, अशी आमची विनंती आहे.

पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून चहा घेण्याची व्यवस्था ज्यांना हवी असेल, त्यांनी निघण्याच्या आठ दिवस आधी आमच्या कार्यालयात कळवावे. हा खर्च सहलीच्या शुल्कात धरलेला नाही आणि तो चांगलाच जड आहे, हे आधीच सांगितलेले बरे. दारावर सामानाची तपासणी होते. पिशव्या बसमध्येच ठेवाव्यात. जे आत येणार नाहीत, त्यांना आमचा सोबती हॉटेलच्या मागच्या रस्त्यावरून फेरी मारून आणील. मूळचे तोंड त्या बाजूला होते, हे डोळ्यांसमोर ठेवून तेथून इमारतीकडे पाहावे.